दोघांची झोप

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मेंढरं चालली होती. एकामागून एक, माना खाली घालून, कसलाही आवाज न करता. डॉक्टर अंकिताला त्यात वावगं काही वाटलं नाही. काल सकाळपासून ती ड्यूटीवर होती. पाळी बदलायला येणाऱ्या डॉक्टर रविराजांचा पत्ता नव्हता, आणि इतकं जागल्यावर स्वप्न पडायला झोपावंही लागत नाही. मेंढरांमागून एक बाई आली, एक म्हातारा आला, दोघं समोरच्या बाकावर टेकली. छान स्वप्न आहे, असं म्हणून तिने डोळे मिटले.

स्वप्नबिप्न काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. माणदेशातला मेंढपाळ कळप उघड्यावर टाकून दवाखान्यात येत नाही. धुळा आणि धोंडुबाई मेंढरांसकट आले होते. धुळाच्या पोटात दुखत होतं. धोंडुबाईने खुर्चीतल्या पोरीकडे पाहिलं. मान कलंडलेली, डोळ्यांखाली काळं. रात्रभर कळपाची जागल करून आलेल्याला या लोकांत दिवसा कुणी उठवत नाही. ही पोरही जागलीवरचीच, हे तिने ओळखलं. शेजारी धुळाच्याही पापण्या मिटत होत्या. "पडा जरा तुमीबी," ती म्हणाली, आणि दोघांना पदराने वारा घालत बसली. मायेनेच घात होत होता, पण तिला कोण सांगणार?

बाळंतपणाच्या खोलीतून संयोगिता सिस्टर बाहेर आली आणि मेंढरं बघून ओरडली. अंकिता दचकून उठली.

"मावशी, यांना काय होतंय?"

"आवं, पोटात दुकत हुतं. आता लागलाय डोळा."

अंकिताने हाक मारली. धुळाने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. कपाळाला आठ्या घालून तो पापण्या उचलू पाहत होता आणि त्या उचलत नव्हत्या. तिने अंगठ्याने एक पापणी वर केली. आतला डोळा टक्क जागा होता, घाबरलेला.

"रात्री जमिनीवर झोपले होते?"

"व्हय, मेंढरांतच. पहाटं पायाला कायतरी चावलं म्हनत हुतं. मुंगी असंल."

मुंगी नाही, मण्यार. मण्यार चावली की ना सूज, ना फारसं दुखणं; आधी पापण्या पडतात, मग श्वास. अंकिताला कळून चुकलं: हा माणूस झोपला नव्हता, तिच्यासमोर बसून मरत होता.

तिने विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं, पण श्वास थांबत चालला. तिने घशात नळी घातली आणि हवेचा फुगा हाताने दाबायला लागली. श्वासाचं मशीन साताऱ्यात, अॅम्ब्युलन्स अजून वाटेत. सिस्टर कधी सलाईन बघे, तर कधी बाळंतिणीकडे धावे. फुगा दाबायचा, सोडायचा. खोली उबदार होती, लोकरीचा वास येत होता. अंकिताला आपले हात लांब कुठेतरी, माळावर दिसू लागले. मेंढरं तिच्याभोवती बसली होती आणि तीही त्यांच्यात बसणार होती.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "माझे डोळे मिटले तर थोबाडीत मारा."

"डाक्टरनीला? मी?"

"मारा."

धोंडुबाईने मारली. पहिली हलकी, दुसरी चांगली सणसणीत. मारताना ती रडत होती आणि "माफ कर गं लेकी" म्हणत होती.

अॅम्ब्युलन्स आली. मेंढरं गावात शेरडं राखणाऱ्या केरबाच्या हवाली करून धोंडुबाईही चढली. साताऱ्यापर्यंत अंकिता फुगा दाबत होती, मध्येमध्ये गाल चोळत होती. तिथे मशीन जोडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वाचतील. सोडा आता." तिची बोटं मिटलेलीच राहिली. धोंडुबाईने ती एकेक करून उलगडली.

फोन वाजला. दवाखान्याचे मोठे साहेब, डॉक्टर वीरधवल. रविराजच्या नावाने खडे फोडून झाल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पोचताय ना? आजची रात्र तेवढी ओढा."

आजवर तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"साहेब, माझ्यासमोर एक माणूस मरत होता आणि मी झोपले होते," अंकिता म्हणाली. "आज रात्री तुम्ही बसा."