खोटं पकडणारी सुई

१९७६ साली एका दुपारी इस्पितळाच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. वॉर्डातल्या एका आजारी आजींची सोनसाखळी नाहीशी झाली होती, आणि चोर ओळखायला फौजदारांनी चक्क यंत्र आणलं होतं!

यंत्रवाल्या साहेबांनी एक्स-रेवाल्या काकांना खुर्चीत बसवलं. दंडाला पट्टा, छातीला नळी, बोटांना तारा.

"पत्त्यांच्या गठ्ठ्यातलं एक पान काढा. मी काहीही विचारलं तरी 'नाही'च म्हणा."

साहेब एकेका पानाचं नाव घेत गेले, काका 'नाही' म्हणत गेले. मध्येच साहेब गरजले, "खोटं! बदाम सत्ती!"

काकांनी पान उलटलं. बदाम सत्तीच!

"अगं बाई!" नर्सा एकमेकींना बिलगल्या.

"यंत्रापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही," साहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. मग साखळी चोरली का, असं विचारलं. काका शांतपणे 'नाही' म्हणाले, यंत्राची सुई हलली नाही. "माणूस सच्चा!"

मग वॉर्डातल्या मावशी बसल्या. त्या आजींना रोज अंघोळ घालायच्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत सुई थयथयाट करू लागली.

"तरी मी म्हणतच होते!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी," फौजदार म्हणाले. "कबूल करा, शिक्षा कमी होईल."

मावशींनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. "सिस्टर, मी नाही हो घेतली. पण यंत्र म्हणतंय... माझ्या नकळत घेतली असेल का मी?"

आणि त्यांनी कबुलीवर अंगठा उमटवला.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता मला बसवा," म्हणत त्यांनी पान ओढलं. बदाम सत्ती! त्यांनी साहेबांच्या हातातला गठ्ठाच हिसकावला आणि टेबलावर पसरला. सगळ्या बदाम सत्त्या.

"अहो, लोकांचा विश्वास बसावा लागतो," साहेब चाचरले. "म्हणजे मग खोटं बोलणारा घाबरतो."

"आणि खरं बोलणारा घाबरला तर? तुमचं यंत्र नाडी, घाम आणि श्वास मोजतं. इंजेक्शन दिसलं की माझ्या वॉर्डातल्या प्रत्येकाची नाडी धावते. ते सगळे चोर का?"

"तिनं कबूल केलंय, विषय संपला," फौजदार म्हणाले, आणि मावशींना घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात एक बाळ एक्स-रेला आलं. बाळाला धरून उभं राहायचं म्हणून काकांनी शिशाचा जड एप्रन चढवला, आणि त्याच्या खिशात साखळी हाताला लागली. आजींना बसवत नव्हतं, म्हणून त्यांनाही काकांनी असंच धरलं होतं. फोटोत धातू नको म्हणून साखळी काढून खिशात टाकली आणि साफ विसरून गेले. मनात चोरी नव्हती, मग सुई हलणार कशी?

मावशी सुटल्या, पण इस्पितळाची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. शेवटपर्यंत कुणी दागिना दाखवला की हात पाठीमागे घ्यायच्या. काकांनी त्यांच्या दारी जाऊन पाय धरले. मावशी पाय सोडवून घेऊन आत गेल्या. फौजदारांची बदली झाली. साहेबांना बढती मिळाली, आणि यंत्र गावोगाव फिरत राहिलं. सिस्टर निवृत्त होईपर्यंत नव्या नर्सांना एवढंच सांगत: भीती मोजता येते, खोटं मोजता येत नाही. कुणी सुईकडे बोट दाखवून माणसाला चोर म्हणालं, तर तिथंच उभं राहा आणि पुरावा मागा.