कोऱ्या जर्सीचा गोलकीपर

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्या लाँड्रीत कपडे कमी आणि माणसं जास्त यायची. क्लबच्या जर्स्यांचं गाठोडं तिथेच धुवायला पडायचं, आणि ते सोडलं की लाँड्रीवाली मावशी सामन्याचा खरा निकाल सांगायची. गोल किती झाले ते शेंबडं पोरही सांगेल. पण कोण जीव तोडून पळालं, कोणी नुसता पळाल्याचा आव आणला, कोण उगाच गवतावर लोळून पेनल्टीची भीक मागत होता, हे मावशी डागांवरून ओळखायची. एकदा तिने उजव्या फॉरवर्डच्या जर्सीची बाही नाकाशी धरली आणि म्हणाली, "हा मध्यंतरात सिगारेट ओढून आलाय." क्लबने त्याला पुढचा सामना बाकावर बसवला. त्या दिवसापासून संघातले खेळाडू पंचाला घाबरत नसत तेवढे मावशीला घाबरायचे.

मात्र सगळे टपलेले असायचे ते पिवळ्या जर्सीसाठी. ती गोलकीपरची. गोलकीपर म्हणजे मावशीचा सख्खा भाचा. बहीण गेल्यावर तिने आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, त्याला पदरात घेतलं, आणि तो कपड्यांच्या ढिगांतच वाढला. काका इस्त्रीच्या टेबलावरून घडी घातलेले शर्ट भिरकवायचे आणि हा पलीकडे उभा राहून झेलायचा, मांडणीवर लावायचा. घडी मोडली तर मावशी कान पिळायची. त्यामुळे हातात आलेली वस्तू दुखावू द्यायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलं. पुढे तो वाढला तो नुसता उंचीनेच वाढला आणि लोक त्याला खांब म्हणू लागले.

या खांबाची थोरवी काकांच्या तोंडून ऐकावी. हातात वाफेची इस्त्री, भोवती धुक्यासारखी वाफ, आणि त्या वाफेतून काकांचा आवाज यायचा.

"त्या पाहुण्या संघाच्या सामन्यात काय झालं ठाऊक आहे का? चेंडू इतक्या जोरात आला, इतक्या जोरात आला, की त्याची सावली मागे राहिली. खांबाने चेंडू धरला, बाजूला ठेवला, आणि मग सावली आली ती पायाने अडवली."

"आणि आवाज?" बसड्रायव्हर विचारायचा. हा रोज कामावर जाता जाता गणवेशाला इस्त्री करून घ्यायचा आणि इस्त्री होईपर्यंत बनियनवर बसून वाद घालायचा.

"आवाज दुसऱ्या दिवशी आला. आम्ही झोपलो होतो."

पण यंदा काकांच्या या गोष्टींना पहिल्यासारखा रंग चढत नव्हता. कारण यंदा पिवळी जर्सी कोरी येत होती. कोपराला चिखल नाही, कमरेला गवताचा हिरवा ओरखडा नाही. पाठीवर तेवढा गोलच्या खांबाचा पांढरा रंग लागलेला, तोही टेकून उभं राहिल्याचा. मोसमाच्या सुरुवातीला बचावात एक नवा गडी आला होता, आडव्या अंगाचा, मान नसलेला. त्याला सगळे बैल म्हणत. तो आल्यापासून चेंडू गोलपर्यंत पोचायचाच नाही.

"गंजला तुमचा खांब," ड्रायव्हर म्हणाला. "डेपोत उभी राहिलेली बस आणि काम नसलेला गोलकीपर सारखेच. ऐन वेळी सुरू होत नाहीत."

"छे छे!" दंतवैद्य डॉक्टर म्हणाले. ते आपले पांढरे कोट घेऊन आले होते. "गोल होत नाहीत ना? झालं तर मग. फॉर्म म्हणजे आणखी काय असतं?"

"डॉक्टर, ज्याचे दात कधी दुखलेच नाहीत त्याला तुम्ही शूर पेशंट म्हणाल का?"

डॉक्टरांनी आपले कोट मोजायला घेतले. काकांनी इस्त्री जरा जास्तच जोरात दाबली. त्यांच्याही मनात हीच पाल चुकचुकत होती, पण भाच्याबद्दलची पाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "एक बातमी आहे. काल क्लबच्या सचिवांची दाढ काढली. दाढेबरोबर बातमीही निघाली. देशाच्या गोलकीपरचं बोट मोडलंय. निवड समितीचे साहेब रविवारी येतायत. फक्त खांबाला बघायला."

मशीनमधले कपडे हळू फिरल्यासारखे वाटले.

काकांनी इस्त्री उभी ठेवली. खांबाने तिशी ओलांडली होती. दोनदा त्याचं नाव यादीपर्यंत जाऊन परतलं होतं, आणि दोन्ही वेळा पोरगा आठवडाभर मुकाट्याने गाठोडी उचलत राहिला होता. आता तिसरी वेळ, आणि शेवटची. ही हुकली की देशाची जर्सी त्याने फक्त टीव्हीत बघायची.

"पण अहो," मावशी म्हणाली, "साहेब बघणार काय? चेंडू यायला नको का त्याच्याकडे?"

रविवारी नेमकं तेच झालं. पूर्वार्ध सगळा समोरच्यांच्याच गोलापुढे गेला. क्लबने दोन गोल मारले, बैलाने समोरच्यांना मधल्या रेषेच्या पलीकडे फिरकू दिलं नाही, आणि लांबवरच्या गोलात खांब आपला हातवारे करत, तोंड हलवत उभा. काका क्लबच्या पाठीराख्यांचे म्होरके. साबणाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि लाकडी हँगर हे त्यांचं वाद्य. तो डबा वाजला की अख्खा स्टँड ओरडायचा, तो थांबला की थांबायचा. त्या दिवशी हँगर बडवून बडवून काकांच्या मनगटाला सूज आली, पण पिवळ्या जर्सीला चेंडूचा वारासुद्धा लागला नाही.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. खांब अलीकडच्या गोलात आला आणि त्याच्यामागोमाग एक टकले, मफलर गुंडाळलेले गृहस्थ काकांच्या पुढच्याच रांगेत येऊन बसले. डॉक्टरांनी कोपराने ढोसलं. "हेच ते."

साहेबांनी पाय पसरले, हाताची घडी घातली आणि डोळे मिटले.

"झोपला!" मावशी कुजबुजली. "अहो, हा माणूस झोपला!"

"झोपेल नाही तर काय करेल?" ड्रायव्हर म्हणाला. "बघायला आहे काय?"

काकांनी साहेबांकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे. आणि माणसाचा धीर सुटला की त्याच्या डोक्यात काहीही उगवतं. त्यांनी वळून मागच्या रांगांना सांगितलं, "आता समोरच्यांना प्रोत्साहन द्यायचं."

"काय?"

"त्यांना चेंडू मारू द्या की जरा! दोन गोल आपण पुढे आहोत. त्यांनी मारला तर खांब अडवेल. खांबाने अडवला तर साहेब उठतील. चला!"

डबा कडकडला. आपल्याच क्लबचा अख्खा स्टँड शत्रूच्या नावाने गर्जू लागला. शत्रूचा पुढचा फॉरवर्ड होता डोक्यावर केसांचा तुरा असलेला. "मार रे तुरेवाल्या! ये बाळा, ये! घाबरू नकोस!" तुरेवाला आधी जागीच थबकला. आपण चुकून दुसऱ्याची जर्सी तर घातली नाही ना, म्हणून त्याने छातीकडे बघितलं. मग त्याला हुरूप आला. जन्मात त्याच्या बायकोनेसुद्धा त्याचं इतकं कौतुक केलं नसेल.

तो चेंडू घेऊन निघाला. गोलातून खांबाचं तोंड उघडझाप करत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बैल वळून वळून कानाशी हात नेत होता. ऐकू काही येत नव्हतं. शेवटी बैल उजवीकडे धावला, चेंडू डावीकडे गेला, खांब त्या मोकळ्या जागेकडे झेपावला तोवर तुरेवाल्याने दुसऱ्या कोपऱ्यात चेंडू सरकवून दिला होता.

गोल. त्या मोसमात खांबाने खाल्लेला पहिला गोल.

काकांचा हँगर हवेतच राहिला. डबा थांबला तसा स्टँड थांबला. चारशे माणसं अशी गप्प झाली की कॉर्नरचा झेंडा फडफडलेला ऐकू येत होता. आणि त्या शांततेत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काकांना आपल्या भाच्याचा मैदानावरचा आवाज ऐकू आला.

"बैला, दोन पावलं डावीकडे. अजून. बास. सात नंबरला सोड, त्याचा डावा पाय चालत नाही. मागून येतोय, वळू नकोस, मी सांगतो. आता... जा!"

बैल गेला. चेंडू तिथे नंतर आला.

पुन्हा तेच. खांब आधी बोलायचा, बैल मग पोचायचा, आणि चेंडू बिचारा सगळ्यात शेवटी, लग्न आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. समोरच्यांच्या मनात पास द्यायचा विचार यायच्या आत खांबाने त्याची वाट बुजवलेली असायची.

"अरे, हा तर सगळ्यांना चालवतोय," डॉक्टर पुटपुटले.

ड्रायव्हरने टोपी काढली. "असा कंडक्टर मला मिळाला असता, तर उभ्या नोकरीत माझी बस कुठे घासली नसती."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जर्सी कोरी का, ते कळलं. आणि ज्या आवाजाने ती कोरी ठेवली होती तो वर्षानुवर्षं आपणच डबा बडवून स्वतःच्या कानांआड करत होतो, हेही कळलं. आजचा गोल तर सरळ सरळ आपलाच. त्यांनी पुढे वाकून साहेबांच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"साहेब, झोपमोड करतो. तो गोल त्याचा नाही हो. माझा आहे. माझ्या डब्याचा."

"मी झोपलो नव्हतो," साहेब डोळे न उघडताच म्हणाले. "ऐकत होतो. पूर्वार्धात त्या टोकाला बसून ऐकला, म्हणून तर त्याच्या मागे इकडे आलो. असं मैदान वाचणारा गोलकीपर मी फार दिवसांत ऐकला नव्हता. मग तुम्ही ऐकू दिलं नाहीत."

"मग झालं तर! घ्या त्याला!"

"घाई नको. आमच्याकडे लाख माणसं ओरडतात. आज तुमच्या या चारशेंनीच त्याला मुका केला. मुका झाल्यावर त्याच्याकडे काय उरतं, ते मला ठाऊक नाही."

सावलीची गोष्ट काकांच्या ओठांवर आली होती, पण त्यांनी ती गिळली. आयुष्यात प्रथमच एक थाप गिळून त्यांना ठसका लागला.

सामना संपत आला होता. एका गोलाने समोरच्यांना आशा दाखवली होती, आणि त्यांनी भरून आणलेल्या दोन बसची माणसं आता उठून उभी राहिली. ताशे, शिट्ट्या, थाळ्या. कॉर्नर मिळाला तसा एकच कल्लोळ झाला. खांबाचं तोंड हललं, पण आवाज पहिल्या बचावपटूपर्यंतही पोचला नाही. काका हात जोडून पलीकडच्या लोकांना "गप्प, गप्प" म्हणत होते. त्यांचं कोण ऐकतो?

चेंडू आत आला. तुरेवाल्याने उसळी मारून डोकं लावलं. चेंडू सरळ खांबाकडे निघाला, आणि मधे आली बैलाची पाठ. पाठीवर आपटून चेंडूने दिशा बदलली आणि तो भलत्याच कोपऱ्याकडे वळला. इथे वाचायला मैदान नव्हतं, सांगायला वेळ नव्हता.

साहेबांनी डोळे उघडले.

खांब आडवा झाला. असा ताणला गेला की त्याची टाच गोलच्या एका खांबाजवळ आणि बोटं गोलच्या दुसऱ्या खांबाजवळ. त्याच्यावर त्या क्षणी कपडे वाळत घातले असते, तर लाँड्रीची आठवड्याची धुणी वाळून निघाली असती. चेंडू बोटांना लागला, थबकला, आणि खांबाने तो खाली येता येता छातीशी घेतला, अलगद, घडी मोडू नये तसा. मग तो चिखलातून फरफटत गेला.

"मळला!" मावशी बाकावर उभी राहिली. "अहो बघा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मळला! शाब्बास रे माझ्या वाघा!"

शिट्टी झाली. साहेबांनी मफलर सोडला, परत गुंडाळला.

"आवाज बुडाला तर हात आहेत," ते म्हणाले. "पुढच्या सामन्याला त्याला घेऊन जातो. संघात चार बचावपटू आहेत, चारही स्वतःला शहाणे समजतात. ऐकायला शिकतील." मग त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. "डबा मात्र इथेच राहील."

खांब कठड्याशी आला तो तावातावाने. तोंडावर चिखल, डोळ्यांत आग. "तो डबा कोण बडवत होतं? तुरेवाल्याला कोण बाळा म्हणत होतं?"

साहेबांपुढे शूर झालेल्या काकांनी भाच्यापुढे ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

"काय हो काका! त्याच्या हातात टोपी आहे, डबा तुमच्या हातात आहे! तुमच्या प्रेमापोटी आज माझा गळा कापला गेला. ते साहेब आले होते म्हणे मला बघायला. आता काय बघितलं असेल त्यांनी? गोल!"

"तू गेलास," काका म्हणाले.

"कुठे गेलो?"

"देशाच्या संघात. हे काय, हे उभे आहेत. विचार."

खांबाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. नव्वद मिनिटं ज्याची जीभ क्षणभर थांबली नव्हती, ज्याने बैलासारख्या बैलाला शब्दावर नाचवलं होतं, त्याला शब्द सापडेना. त्याने तोंड उघडलं, मिटलं. कठडा घट्ट धरला. ड्रायव्हर म्हणाला, "बोल रे, आता आम्ही गप्प आहोत." तरी काही नाही. नुसती मान हलली, आणि डोळ्यांपासून तोंडावरच्या चिखलात दोन ओल्या वाटा निघाल्या.

काकांचीही तीच गत. म्हणून मग बोलायचं काम मावशीवर आलं. तिने डोळे पुसले, साहेबांकडे वळली आणि कामाचं तेवढं विचारलं.

"साहेब, तुमच्याकडे कपडे कोण धुतं हो? बाई असेल तर तिला म्हणावं, पिवळ्या रंगाला गरम पाणी लावायचं नाही."