गुन्हेगार ‘क’, वय बावन्न

तिनं सूड घेतला आणि त्यात तिला शंभरपैकी ब्याण्णव गुण पडले. पण ते अजून घडलंच नाही असं समजा. आत्ता ती गुन्हेगारीशास्त्राच्या मॅडमच्या टेबलावर इंग्रजी विभागाचं मासिक आपटतेय.

“यातला आमच्या इंग्रजीच्या सरांचा लेख माझा निबंध आहे. शब्द न् शब्द.”

“कशावरून?”

“तळटीप अकरा. ‘आत्याशी चर्चा, भांडी घासताना.’ मी गंमत म्हणून घातली होती. सरांना आत्या आहे?”

“असेल.”

“सर भांडी घासतात?”

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “तक्रार केलीस तर समिती बसेल. अध्यक्ष सरच. त्यापेक्षा साहित्य आणि गुन्हेगारीशास्त्र असे दोन विषय एकत्र घेतलेत ना? मग प्रबंध लिही. एका वाङ्मयचोराचा अभ्यास. साहित्याकडून परीक्षक तेच असतात.”

तिनं दातओठ खात साठ पानं लिहिली. चोरी करण्याआधीचं त्यांचं खाकरणं, दुसऱ्याचं वाक्य वाचताना बारीक होणारे डोळे, विद्यार्थिनीला दिलेलं ‘अजून कच्चं आहे’ हे प्रशस्तिपत्र. काही म्हणता काही सोडलं नाही. नाव तेवढं ‘क’ केलं. सरांचा चेहरा वाचता वाचता पांढराफटक पडावा, एवढीच तिची इच्छा होती. पदवी मिळाली तर मिळाली.

तोंडी परीक्षेला सरांनी प्रबंध मिटला आणि ते खाकरले.

“हा क...”

ती खुर्चीत पुढे सरकली. “ओळखीचा वाटला, सर?”

“वाटला म्हणजे काय.” सरांनी आवाज खाली आणला. “समोरच्या केबिनमधला. हुबेहूब! माझाही एक लेख ढापलाय त्यानं. आणि लेकीसारख्या पोरीचा निबंध स्वतःच्या नावावर छापताना याचा हात कसा गं नाही थरथरला?”

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

सरांनी रुमालानं डोळे टिपले. “बाळ, आज तू माझ्या वतीनं सूड घेतलास.”

त्याच दुपारी तिनं परीक्षा विभागात अर्ज दिला:

‘विषय: गुण कमी करण्याबाबत. महोदय, परीक्षकांनी प्रबंधातील गुन्हेगार चुकीचा ओळखला आहे. तरी माझे ब्याण्णव गुण रद्द करून, परीक्षकांस सदर प्रबंध आरशासमोर बसवून मोठ्याने पुन्हा वाचावयास लावावा, व त्यानंतर मला त्यांच्याच हस्ते नापास करण्यात यावे, ही नम्र विनंती.’