मिनेको दम घेत नाई

"गरम पाणी सकाळीच भेटते, भाऊ." लॉजच्या काउंटरवर उभी राहून हे वाक्य दिवसभर इतक्यांदा म्हणते मी, का घरी आल्यावर तोंड उघडायचाही कंटाळा येते. शेगावात माणसं येतात, महाराजांच्या दारात शांत होतात, अन् राह्यलेली सारी कटकट आमच्या काउंटरवर ठेवून जातात. मंग घरी आली का मी कानाले हेडफोन लावते अन् पडते.

लोकं म्हणतात, काजल एकतीसची झाली तरी कार्टून पाह्यते. पाह्यते. पण आता त्याचाही वीट आला. दर नव्या जपानी अ‍ॅनिमेत तेच. एक पोट्टं ट्रकखाली येते, दुसऱ्या दुनियेत जन्म घेते, अन् तिथं त्याले बसल्या जागी सारं येते. आमच्या इथं ट्रकखाली आलेल्याले अकोल्याच्या दवाखान्यात नेतात, अन् पुढचं कोणी सांगत नाई. गेमचं तं विचारूच नका. आधी गेम खेळला, हरला, झोपला, विषय संपला. आता रोज येऊन हजेरी लावा, नाईतं बक्षीस बुडते. हजेरीच लावायची तं लॉजवर लावून राह्यली ना मी.

एकच गोष्ट अजून मनातून उतरली नाई, ते म्हणजे मिनेको. हे एका गाणारीचं नाव हाये, पण गाणारी कुठंच नाई. जपानातलं सॉफ्टवेअर हाये ते. आपण शब्द टाकायचे, सूर टाकायचे, अन् पडद्यावरची पांढऱ्या केसांची पोरगी ते गाते. माह्यं मत विचाराल तं साऱ्या गाणाऱ्यांत तिच्याइतकी इमानदार कोणी नाई. मी खरी हाये असं ती कधी म्हणतच नाई. नखरे नाई, रुसवे नाई, घसा बसला म्हणून कार्यक्रम रद्द नाई. अन् तिले दम लागत नाई. एका दमात अख्खं गाणं ओढून नेते. आम्ही चाहते त्याच्यावरच तं मरतो.

घरात आम्ही दोघी. मी अन् मोठीमाय, म्हणजे माह्या आईची मोठी बहीण, गोजरबाई. आई गेल्यावर तिनंच मले वाढवलं. उन्हाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठीसंगं आवाजही काढून घेतला डॉक्टरांनी. आता गळ्याले छिद्र हाये, त्याच्यावर पांढरं फडकं, अन् श्वास तिथूनच चालते. जीव वाचला हे खरं. पण तेव्हापासून दारात कोणी आलं का ती उठून सैपाकघरात जाते. भाजीवाल्यासमोरही येत नाई.

अन् ही तीच बाई, जिच्याबिगर आमच्या गल्लीत भुलाबाई बसत नव्हती. कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणाले जात. पाटावर मातीची भुलाबाई अन् भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, अन् पुढं मोठीमाय. ती एक ओळ म्हणे, पोरी मागं म्हणत. गाणी सरली का खिरापत. ते असं असते का घरवालीनं बंद डबा वाजवायचा अन् आत काय हाये ते पोरींनी ओळखायचं. ओळखल्याबिगर, नाईतं हरलो म्हटल्याबिगर, झाकण उघडत नाई. मोठीमायची खिरापत कोणाच्या बापाले ओळखू येत नव्हती. हरलो म्हटल्यावर अशी हासे, का चिडावं का हासावं तेच समजत नव्हतं.

यंदा तिनं हातानंच सांगितलं, आपल्या ओट्यावर भुलाबाई नाई. मले भेव लागलं. यंदा ती ओट्यावर आली नाई, तं मंग कधीच येणार नाई, सैपाकघरातच सरून जाईन बाई, असं मले पक्कं वाटून गेलं.

मी म्हटलं, "मोठीमाय, गाणी मिनेको म्हणेन. तुह्यीच गाणी, तुह्याच चाली. तू नुसती येऊन बसजो."

तिनं माह्या लॅपटॉपकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् हात झटकला. कर तुले काय करायचं ते.

तं मी केलं. रोज ड्युटीवरून आली का बसे. जपानी पोरीच्या तोंडात वऱ्हाडी शब्द घालणं म्हणजे रेड्याले शिंगं धरून दूध पाजणं. डोळे चुरचुरत, मान अवघडे, पण गाणी झाली. ऐकून माह्याच अंगावर काटा आला. एक सूर इकडचा तिकडं नाई, अन् कुठं खंड नाई.

कोजागिरीले, शेवटल्या दिवशी, मी सुट्टी घेतली. ओटा सारवला, पाटावर भुलाबाई मांडली, मखर बांधला, लॅपटॉपले स्पीकर जोडला. दिवे लागायच्या वक्ताले गल्लीतल्या पोरी आल्या. त्यांची म्होरकी शेजारच्या सुवर्णाकाकूची पुष्पांजली, सातवीतली. मोठीमाय आतच. दाराच्या पडद्याखालून तिचे पाय दिसून राह्यले होते.

मी बटन दाबलं. मिनेको गायाले लागली.

पोरींनी टाळ्या धरल्या. पह्यली ओळ झाली, पोरींनी तोंडं उघडली, तं मिनेको दुसऱ्या ओळीवर. दुसरी म्हणाले गेल्या, तं ती तिसरीवर. दोन-तीनदा त्यांनी धावून पाह्यलं, मंग टाळ्या विझल्या. एकजण मोबाइलमधी शूटिंग कराले लागली, दोघी मखराच्या धांड्याची साल सोलाले लागल्या.

"ताई," पुष्पांजली म्हणाली, "हे थांबतच नाई. आम्ही कधी म्हणावं?"

लहानपणापासून मी मागं म्हणणाऱ्यांतली, अन् मागं म्हणायची जागा ठेवायचीच विसरली. साऱ्या महिन्याची मेहनत त्या ओट्यावर एकटीच गाऊन राह्यली होती. मी पडद्याकडं पाह्यलं. पाय दिसेनात. गेली, मी म्हटलं मनात. आता गेली ती चुलीपाशी, अन् म्याच तिले लावून देली.

गाणं चालूच होतं. तेवढ्यात पडदा सरकला.

मोठीमाय दारात उभी होती, गळ्याशी फडकं धरून, दुसऱ्या हातात पितळेचा डबा. फडक्याकडं पाहून एक लहानी पोरगी मागं सरकली. मोठीमायनं ते पाह्यलं, मले दिसलं का तिनं पाह्यलं, पण ती वळली नाई. तिनं डबा वर केला अन् हालवला.

"खिरापत," पोरी म्हणाल्या. "शेंगदाणे?"

तिनं मान हालवली. पुन्हा डबा हालवला.

"काहीच वाजत नाई," पुष्पांजली म्हणाली. मंग माह्याकडं वळून, "ताई, हे तुमचं बंद करा ना. मोठीमायचं ऐकू येत नाई."

मी मिनेकोले बंद केलं.

ओट्यावर असं सामसूम झालं का रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज आला. पोरी मोठीमायच्या अंगाले खेटून, डब्याले कान लावून उभ्या. मागं सरकलेली ती लहानी तं साऱ्यांच्या पुढं घुसली. मोठीमाय हळूच डबा हालवे, अन् पोरी श्वास धरून ऐकत.

"केळं?" नाई. "शिरा?" नाई. "डबा रिकामाच हाये." त्याच्यावर मोठीमायचे खांदे हालले. आवाज नव्हता, पण हासणं तेच होतं, चिडावं का हासावं न समजणारं.

पोरी हरल्या. तरी तिनं झाकण उघडलं नाई. पाटापाशी येऊन बसली, डब्यावर बोटांनी ठेका धरला, माह्याकडं पाह्यलं, अन् हनुवटीनं खूण केली. म्हण.

"मी?" मी म्हटलं. "मोठीमाय, मले नाई येत वं. जीव नाई राह्यला माह्यात."

तिचा ठेका चालूच. जिद्दी बाई, मरणाले हटली नाई, माह्यापुढं काय हटते. मी पह्यली ओळ म्हटली. आवाज बसकट, सूर कुठल्या कुठं. ओळ सरता सरता माहा दम तुटला, अन् मी श्वास घ्याले थांबली.

त्या जागेत साऱ्या पोरींनी एकदम ओळ उचलली. मोठीमायचे ओठ त्यांच्यासंगं हालून राह्यले होते.