बांधीचा घास

निळा. कालच्यापेक्षा गडद निळा... बोटभर काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरून चंद्रकुमारने चष्मा वर केला, खाली केला, आणि मग ती नळी रंगांच्या कागदावरून हळूहळू सरकवत नेली – फिकट, त्याहून जरा गडद, आणि शेवटून दुसऱ्या चौकोनापाशी रंगाला रंग मिळाला. म्हणजे टाकीतल्या पाण्यातलं फॉस्फेट पुन्हा वाढलं होतं. परवाच औषध घालून उतरवलेलं, आज पुन्हा जिथल्या तिथे.

आणि हे कोणाच्या घरी, तर माझ्या! तीस वर्षं पवनीच्या बाजारात खताचं दुकान चालवून 'फॉस्फेट टाका, मुळं धरतात' हे वाक्य ज्याने हजारदा म्हटलं त्याच्या... जन्मभर जे पोत्यांनी विकलं तेच आता चार फुटांच्या टाकीतून थेंबाथेंबाने काढत बसायचं. दुकानात सांगितलं तर गिऱ्हाइकं हसतील, हसू देत. त्याला स्वतःलाही हसू येत होतं, पण प्रवाळाकडे नजर गेली आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

टाकी मनालीची, त्याच्या लेकीची. समुद्रातल्या जिवांवर शिकली, आणि समुद्र इथून शेकडो कोस लांब म्हणून तिने तो पुढच्या खोलीतच मांडला – विकतच्या मिठाचं पाणी, दोन नारिंगी मासे आणि मुठीएवढं हिरवट प्रवाळ, ज्याची मऊ बोटं दिवसभर डुलत असत. मग कोचीला नोकरी लागली आणि जाताना ती म्हणाली, "बाबा, बाकी काही होवो, हे प्रवाळ सांभाळा." गेल्या महिन्यापासून तीच बोटं आखडत चालली होती. येत्या रविवारी ती येणार होती आणि आज बुधवार. प्रवाळ उमललेलं दिसावं आणि तिने 'वा बाबा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं – या वयात लेकीकडून शाबासकी! पण हवी होती, हे खरं.

फॉस्फेट खाण्यातून येतं, असं तिने फोनवर बजावलं होतं. त्याने माशांचं खाणं चिमटीवरून अर्ध्या चिमटीवर आणलं, मीठ बदललं, गाळणी धुतली. तरी वाढतच होतं. दुसऱ्याच्या धानाचं एक पान पाहून रोग सांगणाऱ्याला स्वतःच्या घरातला रोग सापडत नव्हता...

लँथेनमचं औषध त्याने पाण्यात पातळ केलं, खिळ्याला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीत ओतलं आणि नळीचं टोक खालच्या छोट्या टाकीतल्या कापडी पिशवीवर धरलं. टाकीचं पाणी या पिशवीतूनच गाळून वर जाई. थेंब पडला की फॉस्फेटला धरून पांढरी भुकटी होते, आणि ती पिशवीत अडकते. सारा खेळ सावकाशीचा. थेंब भराभर पडले तर भुकटी वर जाते, पाणी दुधासारखं होतं, मासे धापा टाकतात. त्याने नळीवरचं चाक फिरवून थेंब बेताचा केला.

"बाबा, जातो मी दुकानात," तो आतल्या खोलीकडे पाहत म्हणाला.

"हो," आतून हिरालालचा आवाज आला.

एवढंच. त्याचे वडील दोन वर्षांपासून 'हो', 'नाही' आणि 'जेवलो' या तीन शब्दांवर जगत होते. बायजाबाई गेली – आई गेली – आणि त्याने बाबांना दिघोरी गावाहून इथे आणलं, शेती बटईने दुसऱ्याला कसायला दिली, त्या दिवसापासून. म्हणजे आणलं ते बरं केलं की... हा विचार रोज इथवर यायचा आणि चंद्रकुमार त्याला इथेच सोडून चपला घालायचा.

दुकानात अकराच्या सुमारास त्याच्या मनात पाल चुकचुकली – चाक नीट आवळलं होतं ना? निघताना हात लागून सैल तर नाही झालं? मग समोरचं गिऱ्हाईक दिसेना, नुसतं दूध झालेलं पाणी दिसू लागलं. नोकराला सांगून तो भरउन्हात घराकडे निघाला, जवळजवळ धावतच.

दारात आला तर आत कोणीतरी बोलत होतं. पाहुणे? या वेळी?... तो चौकटीपाशीच थांबला.

टाकीचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं. खुर्चीवर बाबा, मांडीवर भाताचं ताट, आणि त्यांचा सुरकुतलेला हात पाण्यावर. त्यातून एकेक शीत सुटत होतं.

"घे मा, पयला घास तुले," बाबा सांगत होते. "हळू खा नं, कोनी हिसकून नाही राहिलं. यंदा निसवला असंन धान... बायजा असती त मले सांगतली असती. रोवणीच्या वक्ती धुऱ्यावर भाकर सोडे ते, अन् आंधी घास बांधीत टाके. मंग मले वाढे."

बांधीत! चंद्रकुमारला लख्ख आठवलं – धानाच्या खाचरातला गुडघाभर चिखल, आईचे रोपांनी हिरवे झालेले हात, बांधीच्या पाण्यात पडलेला घास आणि त्याभोवती जमलेली बारीक मासळी. जिच्या पाण्यावर आपण जेवतो तिचा घास आधी. या घरात बांधी नव्हती. पाणी म्हणावं असं हे एवढंच. मासे शीत तोंडात घेऊन थुंकत होते, आणि ते दगडांमागे जाऊन कुजत होतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही... सापडला रोग, महिन्याने.

त्याने चाकाकडे पाहिलं. नीट होतं. थेंब, थोडी वाट, थेंब. पाणी स्वच्छ.

आता एक शब्द बोलायचा – बाबा, भात टाकू नका. की फॉस्फेट उतरेल, प्रवाळ उमलेल, मनाली वा म्हणेल. आणि बाबा 'हो' म्हणतील... नुसतं हो. पुन्हा तेच तीन शब्द. त्यांच्या हाती माशांच्या खाण्याची डबी द्यावी का? पण घास आपल्या ताटातला असतो. डबीतला घास कसला?

"काय पाहून राहिला रे उभा?" बाबांनी वळून विचारलं. दोन वर्षांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काही नाही, बाबा." त्याने चपला काढल्या. "जेवा तुम्ही."

फोन वाजला. मनालीचाच. "बाबा, सापडलं का? कुठून येऊन राहिलं ते?"

"सापडलं." तो ओसरीवर गेला. "पण थांबवण्यासारखं नाही ते. येताना औषधाची आणखी एक बाटली घेऊन ये."

"अहो, पण रोज रोज औषध... प्रवाळ किती सोसेल?"

"ते मले नाही माहीत, बेटा. तू ये, मग दाखवतो."

प्रवाळ कदाचित जगणारही नाही. हे त्याने स्वतःशी मोकळेपणी कबूल केलं, आणि सकाळपासूनची छातीतली घाई कुठे गेली ते त्याला कळलं नाही. त्याने दगडांमागची शितं जाळीने काढली, हात धुतले, स्वतःसाठी ताट वाढून घेतलं आणि बाबांशेजारी दुसरी खुर्ची ओढली. नारिंगी मासे काचेपाशी आले होते. बाबा पुन्हा बोलू लागले होते, कुठल्याशा साली फुटलेल्या बांधाबद्दल, माशांना की त्याला ते स्पष्ट नव्हतं.

पहिला घास उचलला आणि चंद्रकुमारचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. बोटांत भात, समोर उघडं पाणी... दोन घास झाले तर थेंब किती वाढवावे लागतील, याचा तो हिशेब करू लागला, आणि तो चुकत होता, आणि त्याला मुळीच घाई नव्हती.