काउंटरमागची खुर्ची

घरात तिला सगळे तोफ म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात, आणि ते इतकं चपखल निघालं की सासूबाईसुद्धा शेजारणीला "आमची तोफ बाजारात गेलीय" असं बिनदिक्कत सांगायच्या. तोफेला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी गरीब गाय म्हटलं असतं तर तिचा जास्त संताप झाला असता.

तर या तोफेला नोकरीवरून काढून टाकलं होतं, आणि कारण ऐकून माणूस आधी हसायचा. ती फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात विक्रीचं काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांना म्हणायचं, बसून तर बघा, मग बोला. आणि स्वतः मात्र सकाळी दार उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभं राहायचं. नियमच होता तसा. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. टाचा ठणकायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि जिकडे नजर टाकावी तिकडे खुर्च्याच खुर्च्या.

एका दुपारी तिने एका जोडप्याच्या गळ्यात भला मोठा सोफा मारला, ती दोघं गेली, आणि ही शेजारच्या आरामखुर्चीत जाऊन बसली. मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, उठा. ती म्हणाली, "दोन मिनिटं." लोक बघतायत, तो म्हणाला. बघू देत की, ती म्हणाली, खुर्ची कशी आहे ते कळेल त्यांना. आता खरं सांगायचं तर ती तेव्हाच उठली असती तर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. संध्याकाळी माफी मागितली असती तरी मिटलं असतं. मॅनेजरने तशी सोयही करून दिली होती. पण बसल्याबद्दल माफी मागायची हे काही तिच्या घशाखाली उतरेना. उद्यापासून येऊ नका, असं तिला सांगण्यात आलं. तिला इतकं सुखात बसलेलं बघून एका आजोबांनी त्याच दिवशी ती आरामखुर्ची विकत घेतली, ही गोष्ट मॅनेजरने कोणाला सांगितली नाही. तोफेने मात्र अख्ख्या गल्लीला सांगितली.

पण गल्लीला सांगून घर चालत नाही. नवऱ्याचा एकट्याचा पगार महिना अर्धा झाला की धापा टाकायला लागे. ती दुकानामागून दुकानं पालथी घालत होती. सगळीकडे आधीची नोकरी का सोडली हा प्रश्न यायचा, ती खरं ते सांगायची, समोरच्याचा चेहरा पडायचा आणि तो "कळवतो" म्हणायचा. कळवलं मात्र कोणीच नाही.

शेवटी नणंदेने सूत्रं हातात घेतली. नणंद घरी पडदे शिवायची, एका पडद्यांच्या दुकानासाठी. तिथे एक जागा रिकामी होती आणि मालकीणबाई तिच्या शब्दाखातर वहिनीला भेटायला तयार झाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी तिने वहिनीला समोर बसवून सगळं पढवलं. नोकरी का सोडली विचारलं तर सांगायचं, सासूबाईंची तब्येत बिघडली होती.

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" सासूबाई आतून म्हणाल्या.

आई, तू गप, असं म्हणून नणंद वहिनीकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला होता. "वहिनी, तू तिथे तोंड सोडलंस तर तुझी नोकरी जाईल ती जाईल, माझं शिवणही बंद होईल. एवढं लक्षात ठेव."

 नणंदेचं मशीन दिवसभर कसं खडखडत असतं ते तोफेला ठाऊक होतं, आणि त्या शिवणावर नणंदेच्या घरात काय काय चालतं तेही. यावेळी खोटं बोलायचं, तिने मनाशी ठरवलं. वाटेत तिने ते वाक्य इतकं घोकलं की सासूबाई खरंच आजारी आहेत असं तिला वाटायला लागलं.

दुकान लांबट होतं. दोन्ही बाजूंना कापडाचे तागे, मध्ये काउंटर, आणि टोकाला काचेची केबिन. केबिनमध्ये मालकीणबाई फिरत्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर एक साधी लाकडी खुर्ची होती, ती त्यांनी तोफेला दिली. बाई खमक्या होत्या पण खडूस नव्हत्या. खिडकीच्या मापाला कापड किती धरायचं, रंग विटणार नाही ना असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असं थोडं विचारून झालं. उत्तरं त्यांना पसंत पडलेली दिसली. मग तो प्रश्न आलाच.

तोफेने तोंड उघडलं, आणि तिची नजर काचेपलीकडे गेली. काउंटरमागे एक वयस्क बाई उभी होती. दुकानात सगळे तिला मावशी म्हणत होते. गिऱ्हाईक नव्हतं. मावशीने एक पाय चपलेतून हळूच काढला, दुसऱ्या पायावर टेकवला, जरा वेळाने पाय बदलला. ही युक्ती तोफेची स्वतःची होती. तिला वाटायचं ती आपणच शोधून काढलीय.

"सोडली नाही," ती म्हणाली. "काढलं मला. बसले म्हणून."

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, आरामखुर्ची घेणाऱ्या आजोबांसकट. मालकीणबाई मनापासून हसल्या. खरं बोलणारी माणसं मला आवडतात, त्या म्हणाल्या, उद्यापासून या. तोफेचा विश्वास बसेना. ती आभार मानणार तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "फक्त तो हट्ट तिकडेच ठेवून या हं. बसायचं नाही हा नियम आमच्याकडेही आहे."

हो म्हणणं किती सोपं होतं. नणंदेचं मशीन तिच्या कानात खडखडलं. नवऱ्याचा चेहराही डोळ्यांपुढे येऊन गेला. मग ती उठली, बसली होती ती लाकडी खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली, केबिनचं दार ढोपराने ढकललं आणि खुर्ची नेऊन काउंटरमागे ठेवली.

"मावशी, बसा."

मावशीने केबिनकडे बघितलं आणि चप्पल घातली. बसली मात्र नाही. मालकीणबाई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी उद्या येते," तोफ त्यांना म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की उठेन, नसेल तेव्हा बसेन. खुर्ची इथे असली तर आत येईन. नसली तर दारातूनच परत जाईन." आवाज न चढवता एवढं बोलून ती रस्त्यावर आली.

ती घरी पोचेपर्यंत नणंदेला मालकीणबाईंचा फोन गेला होता, आणि नणंद तिच्याआधीच येऊन बसली होती. ती रडली, बोलली, पुन्हा रडली. तोफेने एका शब्दानेही उलट उत्तर दिलं नाही, कारण नणंदेचं चुकत नव्हतं. एकट्या सासूबाई खूश होत्या. माझ्या नावावर खोटं तरी बोलली नाही, असं त्या मुलाला चारदा सांगत होत्या.

सकाळी ती गेली. नवरा म्हणाला कशाला जातेस, पण येते म्हटलं होतं म्हणजे जायलाच हवं होतं. दुकान नुकतंच उघडलेलं. तिने दारातूनच मान उंच करून काउंटरमागे बघितलं. खुर्ची नव्हती. काचेतून ती केबिनमध्ये दिसत होती, जिथल्या तिथे.

संपलं, तिच्या मनात आलं. एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू आता येणार असं वाटलं. ती वळणार तोच तिला मालकीणबाईंचा आवाज ऐकू आला.

"मावशी, उठा. हे काय चालवलंय?"

खुर्ची शोधण्याच्या नादात तिचं लक्षच गेलं नव्हतं, पण मावशी काउंटरच्या पुढे, रस्त्यावरून स्वच्छ दिसेल अशी, कापडाच्या एका जाडजूड ताग्यावर बसली होती. चपला शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या, हात गुडघ्यांवर होते. मालकीणबाईंच्या सासऱ्यांच्या काळापासून ती या दुकानात होती, आणि इतक्या वर्षांत तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"दोन मिनिटं," मावशी म्हणाली.

तोफ आत गेली. सरका थोडं, ती मावशीला म्हणाली, आणि शेजारी टेकली. तागा दोघींना जेमतेम पुरत होता. मालकीणबाईंनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. दारात एक गिऱ्हाईक येऊन थबकलं होतं, आत यावं की नाही या विचारात. दोघींपैकी कोणी उठलं नाही.

मालकीणबाई वळून केबिनमध्ये गेल्या. जरा वेळाने लाकडी पाय फरशीवरून घासत आणल्याचा आवाज आला. खुर्ची त्यांनी काउंटरमागे ठेवली, धापकन, राग लपवण्याच्या फंदात न पडता.

"एकीने बसायचं, एकीने गिऱ्हाईक बघायचं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या नणंदेला सांगा, कालचे पडदे अजून आले नाहीत."

मावशी खुर्चीकडे गेली. तोफ ताग्यावरून उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दारातल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं. ऊठ म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं.