पाठीची बटणं

आत्याने टिल्लूचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि ती बुटाची नाडी सोडू लागली, तेवढ्यात शाळेच्या ताई तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या.

"राहू द्या. तो काढेल."

"त्याला येत नाही हो."

"म्हणून तर."

आत्याने पाय खाली ठेवला. टिल्लूने आधी बुटाकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्याचे हात आपसूक पुढे झाले. ताई त्या हातांकडे बघत राहिल्या, तसे ते पदराखाली गेले. एकेक मूल येत होतं, बूट काढून बुटक्या फळीवर ठेवत होतं आणि आत जात होतं. एका चिमुरडीने आपले बूट उलटसुलट ठेवले. ते कुणी सरळ केले नाहीत. बऱ्याच वेळाने टिल्लूचा एक बूट निघाला, मोज्यासकट. तो हातात धरून टिल्लू नुसता बघत राहिला.

"एवढ्या वेळात मी दोन सदऱ्यांची काजं केली असती," आत्या म्हणाली.

"शिवणकाम करता?"

"करायचे. गणवेशांच्या कारखान्यात. कापायचं टेबल माझ्याकडे होतं. आता एकट्या याचंच शिवते."

हे सांगताना तिचा आवाज जरा ताठ झाला. टिल्लू रांगत होता तेव्हा त्याची आई गेली. भाऊ पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर. कधी दिवस, कधी रात्र. सगळं मार्गी लागेपर्यंत म्हणून आत्या रजा टाकून आली, आणि मग त्या मार्गी लागण्याचा विषय कुणी पुन्हा काढलाच नाही. रजा संपली, नोकरीही सुटली. तिने पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याने माठाकडे नुसतं पाहिलं की पेला ओठांशी हजर. शेजारीपाजारी म्हणत, पोरगं बोलायला उशीर करतंय. आत्या म्हणे, बोलायची वेळ यायला हवी ना त्याच्यावर.

मॉन्टेसरीत घालायचं भावानेच ठरवलं. पंपघरातल्या कुणाची तरी मुलगी तिथे होती.

शाळा म्हणजे एकच लांब खोली. फळ्या मुलांच्या कमरेएवढ्या, चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या, काचेचे खरेखुरे पेले, आणि लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर बटणं लावायची नि काढायची. आत्याला हसू आलं होतं. बटणं लावायला शिकवायची शाळा! उद्या जांभई द्यायची शाळा काढतील. पण टिल्लू त्या चौकटीपाशी बसला की उठत नसे. चौथ्या का पाचव्या आठवड्यात तो घरी आल्यावर स्वतःहून म्हणाला, "मी आज सगळी लावली." एवढं लांबलचक वाक्य तो तोवर बोललाच नव्हता.

ताईंनी घरासाठी दोन-तीन गोष्टी सुचवल्या होत्या. एक खुंटी खाली ठोका, एक लहान तांब्या त्याच्या हाताशी ठेवा. भावाने सुट्टीच्या दिवशी खुंटी ठोकली. संध्याकाळी तिच्यावर आत्याची पिशवी होती.

लहान तांब्या मात्र जागेवर राहिला. एकदा टिल्लूने त्यातून पाणी ओतून घेतलं. अर्धं जमिनीवर गेलं. तो मोरीतून फडकं घेऊन आला, पुसलं, फडकं पिळून वाळत टाकलं. भाऊ दारात उभा राहून बघत होता.

"वा रे वा," तो म्हणाला.

आत्या पेला भरून घेऊन उभी होती. ते पाणी ती स्वतःच प्यायली.

त्याच महिन्यात भावाने विषय काढला. तो बुटांना पॉलिश करत होता आणि मान वर न करता बोलत होता.

"अक्का, आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एक बाई आहे. नवरा वारलाय तिचा. स्वभावाने बरी आहे. टिल्लूलाही भेटलीय दोनदा."

"मला कुठे बोललास?"

"आता बोलतोय ना." ब्रश थांबला. "तू आहेसच की, अक्का. घर तुझंच आहे."

त्या 'आहेसच की'वर आत्या दिवसभर घुटमळत राहिली. 'तू आहेस' असं तो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतलं निळं कापड बाहेर काढलं. सदरा आणि चड्डी एकत्र जोडलेले दोन पोशाख शिवले, आणि बटणं पाठीला लावली, मानेपासून कमरेपर्यंत. बारीक बटणं, त्यांना शोभतील अशी घट्ट काजं. आपण हे असं का शिवतोय, हे तिने स्वतःला विचारलं नाही. मशीन चालत होतं आणि तिचं डोकं बऱ्याच दिवसांनी शांत होतं.

ताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. दारात त्यांनी टिल्लूच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं.

"सुरेख शिवलंय. असं दुकानात नाही मिळत."

"नाही मिळत," आत्या म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आठवडा गेला असेल. दुपारी ती टिल्लूला न्यायला आली तर दारात नेहमीची गडबड नव्हती. ताई बाहेरच उभ्या होत्या.

"आत्या, आत या. तो कुणाला हात लावू देत नाहीये."

मोरीच्या दारापाशी टिल्लू भिंतीला पाठ लावून उभा होता. निळी चड्डी ओली होती, पायांवरून ओघळ येऊन मोजे भिजले होते. रडून झालेलं होतं. आता नुसती उचकी येत होती. शेजारी कोरडे कपडे घडी करून ठेवले होते. बूट उलटसुलट ठेवणारी ती चिमुरडी फरशी पुसत होती, तिकडे न बघता.

आत्या गुडघ्यांवर बसली. त्याने लगेच पाठ तिच्याकडे केली.

"त्यांना नाही उघडता येत," तो म्हणाला. "मी सांगितलं त्यांना. हे फक्त आत्याला येतं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने तिची बाजू घेतली होती. आत्याची बोटं पहिल्या बटणावर गेली. काज इतकं घट्ट होतं की तिलासुद्धा नखाने ढकलावं लागलं. दुसरं. तिसरं. खाली येईतो तिला समोरचं नीट दिसेनासं झालं आणि उरलेली बटणं तिने चाचपून काढली. ताई तिथून केव्हा निघून गेल्या ते तिला कळलं नाही.

घरी आल्यावर ती कात्री घेऊन खिडकीपाशी बसली. दोन्ही पोशाख उसवले. निळ्या कापडाच्या दोन सैल चड्ड्या झाल्या, इलॅस्टिकच्या, आणि समोर चार मोठ्या बटणांचा एक सदरा. दुसऱ्याला कापड पुरलं नाही.

सकाळी टिल्लू आत गेल्यावर ती पायरीवरच थांबली. ताईंना वाटलं, आता ही भांडणार. त्यांनी आपलं बोलणंही तयार ठेवलं असावं.

"भावाचं लग्न ठरलंय," आत्या म्हणाली. "मी परत जाणार. कारखान्यात घेतील मला, टेबल नसेल, पण घेतील. तोवर याला काय काय यायला हवं ते सांगा."

"येणाऱ्या बाई आहेत ना बघायला."

"आहेत. बरी बाई आहे. पण ती नवी, हा नवा. दर गोष्टीला त्याने तिच्या तोंडाकडे बघू नये. आणि तिने माझ्या नावाने बोटं मोडू नयेत."

ताई हसल्या नाहीत. "तुम्हाला इथे बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीत. बोलायचं नाही, उठायचं नाही. बघायचं."

"तेवढंच?"

"तेवढंच अवघड आहे."

ती बसली. पहिल्या दिवशी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. टिल्लूने केस उलटे विंचरले, ती बघत राहिली. त्याच्या हातून पेला निसटून फुटला. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. ताईंनी त्याच्याबरोबर काचा गोळा केल्या. टिल्लूने कुणाकडेही माफीसाठी पाहिलं नाही, दुसरा पेला घेतला. हळूहळू आत्याला वेगळंच काही दिसायला लागलं. काम करताना तो ओठ मुडपतो. अगदी त्याच्या आईसारखा. इतकी वर्षं ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तोंड धुण्याच्या, भरवण्याच्या नादात तिने त्याला कधी काही करताना पाहिलंच नव्हतं.

घरची खुंटी तिने रिकामी केली. जेवताना तिचा हात अजूनही त्याच्या ताटाकडे जाई, मग ती आपल्याच ताटातला घास उगाच पुन्हा कालवी. भावजय घरी आली तेव्हा आत्याने तिला डबे दाखवले, औषधाची बाटली दाखवली, आणि टिल्लूचं काही सांगायच्या वेळी म्हणाली, "त्यालाच विचार. तो सांगतो सगळं."

जाण्याबद्दल तिने त्याला सरळ सांगितलं होतं. सुट्टीत येईन. राहायला नाही, भेटायला. त्याने विचारलं, "मग राहायला कुठे?" तिने गावाचं नाव सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.

निघायच्या दिवशी टॅक्सी शाळेच्या फाटकाशी उभी करून ती आत आली. भाऊ पुढच्या सीटवर बसून राहिला. आगगाडी सुटायला फारसा वेळ नव्हता. खोलीत नेहमीसारखी कुजबुज होती. टिल्लू टेबल धूत होता. अंगावर एप्रन, बाह्या वर दुमडलेल्या, साबणाचा ब्रश गोल गोल फिरत होता, डावीकडून उजवीकडे.

"बोलावू?" ताईंनी हळूच विचारलं.

आत्याने नकारार्थी मान हलवली. पण त्याची नजर गेलीच. त्याने तिला पाहिलं, तिच्या खांद्यावरची मोठी पिशवी पाहिली, आणि साबणाने भरलेला हात वर केला.

"आत्या, थांब," तो म्हणाला. "अजून पाणी घालायचंय. मग पुसायचं."

"बरं," आत्या म्हणाली.

तिने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीजवळच्या बुटक्या खुर्चीत बसली. गुडघे छातीशी आले. टिल्लू तांब्या भरायला गेला आणि दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल मोजून टाकत परत आला. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. ताईंनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वाजवू द्या त्याला," आत्या म्हणाली.

टिल्लूने फडकं पिळलं, झटकलं, आणि टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यापासून पुसायला सुरुवात केली.